फायटर माशांची पिल्लं घरी वाढवायची असतील तर जोडी सर्वांत शेवटी आणा

माझ्या पहिल्या जोडीने अंडी घातली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून टाकीपाशी आणलं होतं. पाचव्या दिवशी शंभराच्या आसपास पिल्लं मोकळी पोहायला लागली. बाराव्या दिवशी टाकीत एकही पिल्लू उरलं नव्हतं. त्यांच्या तोंडात मावेल असं जिवंत खाणं माझ्याकडे नव्हतं. मी उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून घातला, तो पिल्लांनी जेमतेम खाल्ला आणि उरलेला तळाशी कुजला. निम्मी पिल्लं भुकेने गेली आणि बाकीची त्या पाण्याने.

त्यानंतरच्या वर्षांत बऱ्याच जोड्या लावल्या आणि एक गोष्ट पक्की कळली. नर-मादीला एकत्र आणून अंडी मिळवणं हे या कामातलं सोपं टोक आहे. खरं काम त्यानंतर तीन महिने चालतं आणि त्याची तयारी अंडी पडायच्या आधी व्हावी लागते. बहुतेक जण सुंदर नर दिसला म्हणून घेतात, मग मादी शोधतात, मग टाकी आणि पिल्लं पोहायला लागल्यावर खाणं शोधायला धावतात. मी इथे बरोबर उलटा क्रम दिला आहे आणि तोच पाळा अशी माझी विनंती आहे.

थोडी ओळख. दुकानात आपण ज्याला फायटर म्हणतो तो बेटा, शास्त्रीय नाव बेटा स्प्लेन्डेन्स. मूळचा थायलंडचा, तिथल्या भातखाचरांतला, दलदलीतला आणि संथ ओहोळांतला. तिथे त्याला ‘प्ला कत’ म्हणतात, म्हणजे चावरा मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केलं. उथळ, कोमट, पालापाचोळ्याने तपकिरी झालेलं पाणी हे त्याचं घर. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यात हवा घेणारं एक खास इंद्रिय असतं आणि तो वर येऊन हवा गिळतो. पुढच्या बऱ्याच सूचनांचं कारण या दोन गोष्टींत आहे.

१. आधी बरण्या मोजा

एका वेळी काही डझनांपासून काही शेपर्यंत अंडी पडू शकतात. समजा त्यातली साठ पिल्लं मोठी झाली आणि निम्मे नर निघाले. हे तीस नर अडीच-तीन महिन्यांचे होईपर्यंत एकमेकांचे पर फाडायला लागतील. म्हणजे तीस वेगळ्या बरण्या, त्या ठेवायला जागा आणि दर दुसऱ्या दिवशी तीस बरण्यांचं पाणी बदलायला वेळ लागेल.

किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या पारदर्शक बरण्या मिळतात. निदान एक लिटरच्या घ्या, दोन लिटरच्या मिळाल्या तर उत्तम. मी साबण लावत नाही, गरम पाणी आणि मीठ यांनीच घासते. लोणच्याच्या बरण्या नकोत, त्यांच्या प्लास्टिकमध्ये तेल आणि वास मुरलेला असतो.

पिल्लं पुढे कुठे जाणार हेही आत्ताच ठरवा. जवळच्या दोन मत्स्यालयवाल्यांना विचारून ठेवा. साध्या लांब शेपटीच्या फायटरला दुकानदार फार कमी पैसे देतात, तेव्हा यातून खर्च निघेल असा हिशोब धरू नका. आणि जास्त झालेली पिल्लं विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात सोडायची नाहीत. ही परक्या देशातली जात आहे.

बरण्या आणि वेळ यांची सोय होत नसेल तर एकच नर पाळा आणि त्याला चांगलं मोठं घर द्या. त्यातही आनंद आहे.

२. खाणं तयार करा आणि ते सुरू ठेवा

हा भाग सगळ्यांत मोठा आहे, कारण माझ्या ओळखीतल्या नवख्या लोकांची पिल्लं गेली ती मुख्यतः इथेच. फायटरची नवी पिल्लं जेमतेम तीन मिलिमीटरची असतात आणि हलणारं खाणंच ओळखतात. पावडर त्यांच्यापुढून खाली जाते आणि ती बघतही नाहीत. म्हणून तीन प्रकारचं जिवंत खाणं लागतं. तिन्ही घरी होतात, पण प्रत्येकाला दिवस लागतात.

इन्फुसोरिया. हे पाण्यातले सूक्ष्म जीव, पहिल्या तीन-चार दिवसांसाठी. गावाकडून भाताचा पेंढा मिळाला तर मूठभर उकळून घ्या. शहरात कोबीचं पान किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा चालतो. जुन्या टाकीचं दोन लिटर पाणी एका बरणीत घ्या, त्यात हे टाका आणि उजेडात पण थेट उन्हात नाही अशा जागी ठेवा. आधी पाणी दुधाळ होतं आणि घाण वास मारतं. त्या अवस्थेत ते पिल्लांना देऊ नका. पाचेक दिवसांत पाणी पुन्हा नितळायला लागतं, वास जातो आणि विजेरी लावून पाहिलं तर हलती धूळ दिसते. मग ते वापरायला तयार झालं. बरणीच्या तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात आणि पालिकेचे कर्मचारी अशी उघडी भांडी शोधत घरोघर येतात, ते योग्यच आहे.

तळ्यातलं पाणी आणून तेच वापरायचा मोह होतो. त्यातून चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्लं पकडून खातात. हायड्रा, म्हणजे शुंडकांनी शिकार धरणारा बारीक जलचर, आला तर तोही तेच करतो. मी तळ्याचं पाणी टाकीच्या जवळपासही आणत नाही.

मायक्रोवर्म. हे पांढरे, दोऱ्यासारखे बारीक कृमी. विरजणासारखं यांचंही असतं, पहिला चमचा कोणाकडून तरी आणावा लागतो. ओट्सची घट्ट पेज शिजवा, पूर्ण गार करा आणि झाकणाच्या डब्यात बोटाच्या पेराएवढा थर पसरा. वर चिमूटभर यीस्ट भुरभुरा आणि विरजण लावा. झाकणाला बारीक भोकं पाडून आतून कापड लावा. तीन-चार दिवसांत कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. ते बोटाने किंवा ब्रशने पुसून घ्यायचे, म्हणजे पेज सोबत येत नाही. डबा दोन-तीन आठवड्यांत आंबट होऊन पातळ पडतो, तेव्हा त्याआधीच दुसरा लावायचा. माझ्याकडे कायम दोन डबे असतात, एक भरात आणि एक नवा. मुंग्या लागतात म्हणून डबे परातीतल्या पाण्यात ठेवते. एप्रिल-मेच्या उकाड्यात डबा अचानक मरतो, त्या दिवसांत घरातली सगळ्यांत गार फरशी शोधा.

मायक्रोवर्म बुडतात आणि तळाशी जातात. केवळ त्यांच्यावर वाढवलेल्या पिल्लांत पोटाखालचे दोन लांब पर न आलेली पिल्लं जास्त दिसतात असा बऱ्याच पैदासकारांचा अनुभव आहे आणि माझाही. तळाशी साचलेली घाण हेही त्याचं कारण मानलं जातं. म्हणून हे मुख्य नव्हे, जोडीला द्यायचं खाणं ठेवा.

आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिंप. पिल्लं खरी वाढतात ती यांच्यावर. याची कोरडी अंडी मिळतात. एक लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम जाडं मीठ घाला, आयोडीनचं बारीक नको. पाव चमचा अंडी टाका आणि एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडून पाणी जोरात ढवळत ठेवा. वर दिवा आणि पाणी २७-२८ अंशांवर असू द्या. २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे जीव दिसतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, जीव खाली आणि उजेडाकडे जमतात. खालून नळीने ओढून घ्या, जुन्या मऊ रुमालातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मग द्या. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून या गाळण्यात घाई करू नका.

इथला नेहमीचा फसवा प्रकार म्हणजे दुकानात सुटी बांधलेली पुडी. कधी उघडली, किती दमट हवा लागली, काही कळत नाही आणि पावसाळ्यातली अंडी तर उघडतच नाहीत. बंद डबा घ्या, हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि जोडी लावायच्या आधी एकदा चिमूटभर उबवून बघा. माझी दुसरी पैदास निम्मी गेली ती न उघडलेल्या अंड्यांमुळे. पाचव्या दिवशी ते लक्षात येऊन काही उपयोग नसतो.

हे तिन्ही प्रकार एक आठवडा सलग नीट चालले की मगच पुढे जा.

३. टाकी मांडा

लागणारं साहित्य:

– ४० लिटरच्या आसपासची काचेची टाकी आणि तिला घट्ट बसणारं काचेचं झाकण
– थर्मोस्टॅट असलेला हीटर आणि वेगळा थर्मामीटर
– स्पंज फिल्टर, लहान एअर पंप, हवा कमी-जास्त करायचा नळ
– आडवा अर्धा कापलेला प्लास्टिकचा किंवा थर्माकोलचा कप, त्याच्याखाली नर अंड्यांसाठी बुडबुड्यांचं घरटं बांधतो
– दोन लिटरची तळ कापलेली पारदर्शक बाटली, मादीसाठी
– जावा मॉस किंवा इतर दाट वनस्पती, लपायला
– बदामाची वाळलेली पानं
– बारीक हवेची नळी, पाणी ओढायला
– औषधाच्या दुकानात मिळणारा नवा सलाईनचा सेट, पाणी थेंबथेंब घालायला
– पांढरी बादली, विजेरी, लांब ड्रॉपर

तळ मोकळा ठेवा. वाळू-खडे घातले की पडलेली अंडी नराला सापडत नाहीत आणि उरलेलं खाणं तुम्हाला काढता येत नाही. पाणी १२ ते १५ सेंटिमीटरच भरा. घरट्यातून खाली पडणारं प्रत्येक पिल्लू नराला तोंडात धरून वर आणायचं असतं, खोल पाण्यात तो थकतो.

नळाचं पाणी क्लोरिन काढूनच वापरा. उघड्या तोंडाच्या भांड्यात २४ तास हवा सोडून ठेवा किंवा दुकानातलं अँटिक्लोरिन मापाने घाला. मुंबईचं धरणाचं पाणी मऊ असतं आणि फायटरला मानवतं. पुण्या-नगरकडे बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं. त्यात मासे जगतात, पण मी तिथल्या मैत्रिणींना अर्धं आरओचं पाणी मिसळायला सांगते. पीएच साडेसहा ते साडेसात यांच्या मध्ये कुठेही चालतो, त्यामागे औषधं ओतत बसू नका.

आता बदामाचं पान. दुकानात ‘कटप्पा लीफ’ म्हणून पाकिटात विकतात ते हेच. आपल्याकडे कोकणपट्टीत आणि मुंबईतल्या कित्येक सोसायट्यांच्या आवारात जो छत्रीसारखा मजल्यामजल्यांनी पसरलेला देशी बदाम असतो, त्याचं पान. थंडी सरताना ही पानं लालभडक होऊन गळतात. आपोआप गळलेली, पूर्ण तपकिरी वाळलेली घ्या, धुवा, पुन्हा वाळवा आणि पेपरात गुंडाळून ठेवा. वर्षभर पुरतात. झाडावर औषध फवारलं नाही ना, हे माळीकाकांना विचारा. ४० लिटरला दोन पानं टाकली की पाणी फिक्या चहासारखं होतं. त्यात अंड्यांवर बुरशी कमी धरते, पानाखाली नर घरटं बांधतो आणि पान कुजताना त्यावर पिल्लांना पुरतील असे सूक्ष्म जीवही वाढतात. एवढ्या गुणांची वस्तू दाराशी फुकट पडलेली असते, म्हणून मला हे झाड फार आवडतं.

हीटर २७-२८ अंशांवर लावा. मुंबई-रत्नागिरीत पावसाळ्यात त्याची फारशी गरज पडत नाही, हवाही दमट असते. म्हणून पहिला प्रयत्न जून ते सप्टेंबरमध्ये करा असं मी सुचवते. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात हीटरशिवाय हे काम करू नका.

४. जोडी निवडा

आता दुकानात जा. वय सगळ्यांत महत्त्वाचं. चार ते दहा महिन्यांचा मासा पैदाशीला चांगला. दुकानातले सुंदर, पूर्ण वाढलेल्या परांचे नर बऱ्याचदा त्याहून मोठे असतात. शक्य असेल तर थेट पैदास करणाऱ्याकडून घ्या, म्हणजे वय आणि आईबाप दोन्ही कळतात. चेन्नईच्या कोलाथूर भागात शोभेच्या माशांची मोठी पैदास होते, पण जवळ घरगुती पैदास करणारं कोणी असेल तर मला तेच बरं वाटतं.

मादीच्या बाबतीत एक सापळा आहे. प्लाकट नावाच्या प्रकारात नराचे परही आखूड असतात आणि असा नर मादी म्हणून गळ्यात पडतो. मादीच्या पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका असतो. तो बघा. पोट भरलेलं आणि गोल हवं. ती नराएवढी किंवा थोडी लहान असावी. फार लहान मादी मार खाते, फार मोठी नरालाच मारते.

पाठ वाकडी असलेला मासा घेऊ नका. अंगावर जाड चंदेरी खवल्यांचा ड्रॅगन प्रकार देखणा असतो, पण काहींत ते खवले डोळ्यांवर चढतात आणि मासा आंधळा होतो. हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. शेपट्यांच्या आनुवंशिकतेत नवख्याने फार शिरू नये. इतकंच ध्यानात ठेवा की लांब लोंबती शेपटी प्रभावी असते. म्हणजे हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारखी शेपटी पसरणाऱ्या नराला लोंबत्या शेपटीची मादी दिलीत तर बरीचशी किंवा सगळी पिल्लं लोंबत्या शेपटीची निघतील. दोघेही एकाच प्रकारचे घ्या.

५. पंधरा दिवस खाऊ घाला

दोघांना वेगवेगळं, एकमेकांना न दिसतील असं ठेवा आणि दिवसातून दोनदा चांगलं खाणं द्या. गोठवलेले ब्लडवर्म (लाल बारीक अळ्या), मोठे झालेले आर्टेमिया, जमलं तर मोइना (पाण्यातल्या बारीक पिसवा). ट्युबिफेक्स नावाचे लाल कृमी गटारातून गोळा केलेले असतात, मी ते देत नाही. या काळात नराच्या बरणीत फेसाचं घरटं दिसू लागेल. मादीचं पोट फुगेल.

६. आधी दाखवा, मग सोडा

नराला टाकीत सोडा आणि एक दिवस रुळू द्या. मग तळ कापलेली बाटली टाकीत उभी करून मादीला तिच्यात ठेवा. जुने लोक यासाठी कंदिलाची काच वापरत, अजूनही ती सगळ्यांत सोयीची आहे. वरून उचलली की मादी मोकळी.

नर पर फुलवून नाचेल, मग कपाखाली जाऊन बुडबुडे ओढायला लागेल. मादीकडे नीट बघा. अंगावर उभे पट्टे आले, ती डोकं खाली करून नराकडे झुकू लागली तर ती तयार आहे. आडवे पट्टे दिसले आणि ती काचेला थडकत पळायला बघत असेल तर ती घाबरलेली आहे, तिला काढा आणि आठवड्याने पुन्हा दाखवा. घरटं नसताना मादी सोडू नका. मी या दोन्ही गोष्टींसाठी दोन-दोन दिवस थांबते.

संध्याकाळी सोडा. पाठलाग होईल, पर फाटतील, एखाददुसरं खवलं जाईल. हे नेहमीचं आहे. मादीला मॉसच्या दोन-तीन जुड्या लपायला हव्यात. पण अंगावर जखम दिसली, मादी कोपऱ्यात आडवी पडून श्वास घेऊ लागली, तर त्याच क्षणी वेगळं करा. अंडी पुन्हा मिळतात. तीन दिवसांत काही झालं नाही तरी वेगळं करा आणि दोन आठवडे विश्रांती द्या.

७. अंडी पडतात तेव्हा

बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी हे घडतं. नर घरट्याखाली मादीभोवती अंग वळवून तिला मिठी घालतो. पहिल्या काही मिठ्यांत अंडी येत नाहीत. मग पांढरी, खसखशीसारखी अंडी खाली सांडू लागतात आणि नर ती तोंडाने वेचून घरट्यात चिकटवतो. प्रत्येक मिठीनंतर मादी काही क्षण कुशीवर पडून बधिर तरंगते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मेली असं वाटतं आणि तो जाळी घालतो. थांबा, ती उठते. हे सगळं तीन-चार तास चालू शकतं.

दिवा मंद ठेवा, टाकीवर टकटक नको, मोबाइलचा झगझगीत प्रकाश नको.

संपलं की नर मादीला हाकलायला लागतो आणि ती कोपऱ्यात दबते. तिला कपाने हळूच उचला, जाळीने नको. घरटं हलता कामा नये. बदामाचं पान टाकलेल्या वेगळ्या बरणीत, थोड्या अंधारात तिला आठवडाभर ठेवा, पर भरून येतात.

८. नराचे चार दिवस

आता सगळं नराच्या हाती. तो घरटं दुरुस्त करतो, पडलेली अंडी वर नेतो, बुरशी धरलेली काढून टाकतो. खोलीत रात्रीही मंद दिवा असू द्या, त्याला पडणारी पिल्लं दिसायला हवीत. त्याला खाणं देऊ नका किंवा अगदी दोन दाणे द्या आणि उरलेलं लगेच काढा. स्पंज फिल्टर बंद किंवा बुडबुडा-बुडबुडा एवढाच.

काही नर पहिल्या खेपेला अंडी खातात. मन खट्टू होतं, पण त्याच नराने दुसऱ्या खेपेला उत्तम सांभाळलेलं मी पाहिलं आहे. त्याला लगेच बाद करू नका.

दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि घरट्याखाली बारीक शेपट्या लोंबताना दिसतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं पोटातल्या बलकावर जगतात. यावेळी काहीही खाणं घालू नका. बहुतेक पिल्लं आडवी होऊन सरळ पोहू लागली की नराला काढा. उशीर केलात तर तो पिल्लांना गोळा करता करता खाऊही शकतो.

९. पहिले तीन आठवडे

पहिले तीन-चार दिवस इन्फुसोरिया, दिवसातून तीनदा अर्धा कप. दुसऱ्या दिवसापासून थोडे मायक्रोवर्म. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आर्टेमिया. विजेरी आडवी धरून बघा, पिल्लांची पोटं नारिंगी गोल दिसली पाहिजेत. ज्या दिवशी निम्म्याहून अधिक पोटं नारिंगी दिसतात त्या दिवशी मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटतं. थोडं थोडं आणि वेळेवर द्या. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतात आणि मग पाणी नासवतात.

तळाची घाण रोज हवेच्या नळीने ओढा, हळू आणि पांढऱ्या बादलीत. पांढऱ्या तळावर चुकून आलेली पिल्लं दिसतात, ती ड्रॉपरने परत सोडा. पहिल्या दहा दिवसांत जेवढं ओढलं तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी सलाईनच्या सेटने थेंबथेंब घाला. मग हळूहळू पातळी वाढवत तिसऱ्या आठवड्यापर्यंत टाकी भरा. स्पंज फिल्टर दुसऱ्या आठवड्यापासून मंद चालवा.

झाकणाबद्दल मी आग्रही आहे. हवा घेणारं ते इंद्रिय साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार होतं आणि पिल्लं वर येऊन हवा गिळू लागतात. पाण्यावरची हवा पाण्याइतकीच कोमट आणि दमट हवी. झाकणाला फट असेल तर खाणं गुंडाळायच्या पातळ प्लास्टिक फिल्मने बंद करा. पंख्याखाली, एसीसमोर टाकी नको.

त्याच हवेबद्दल आणखी एक. एअर पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. त्या खोलीत डासांचा स्प्रे, मच्छर अगरबत्ती, रंगकाम, काहीही नको. आमच्या घरात एका संध्याकाळी शेजारच्या खोलीत स्प्रे मारला गेला आणि सकाळी तीन आठवड्यांची चाळीस पिल्लं तळाशी होती. आता पंप गॅलरीच्या बाजूला आहे आणि घरात सगळ्यांना हे माहीत आहे.

वीज गेली तर टाकीभोवती चादर गुंडाळा, फिल्टरची काळजी काही तास नको.

पिल्लांच्या अंगावर सोन्याच्या बारीक धुळीसारखा थर, मिटलेले पर आणि दगडावर अंग घासणं ही मखमली रोगाची खूण आहे. झपाट्याने पसरतो. टाकी झाकून अंधार करा, कारण तो परजीवी उजेडावरही जगतो. दहा लिटरला एक छोटा चमचा जाडं मीठ विरघळवून घाला, पाणी रोज बदला. तांब्याची औषधं इतक्या लहान पिल्लांना अंदाजाने देऊ नका.

१०. महिन्यानंतर

चौथ्या आठवड्यापासून रोज पाचवा हिस्सा पाणी बदला आणि जमेल तर पिल्लं दोन टाक्यांत वाटा. गर्दीत मोठी पिल्लं लहानांना खायला देत नाहीत आणि एकाच खेपेतली भावंडं दुप्पट-तिप्पट फरकाने वाढतात. आकाराने वेगळी केलीत की मागे पडलेली बरीच भरून निघतात. याच वेळी बारीक केलेलं कोरडं खाणं थोडं थोडं ओळखीचं करा. सहाव्या आठवड्यापासून रंग येऊ लागतो.

काही पिल्लांचा कणा वाकडा असतो किंवा पोहता येत नाही. त्यांना पैदाशीत वापरू नका, कोणाला देऊ नका. ज्याला वर येऊन हवाच घेता येत नाही, त्याला वेदना न लांबवता शांत मरण देणं हेही पैदास करणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्यासाठी माशांच्या डॉक्टरांना किंवा अनुभवी माणसाला विचारून योग्य पद्धत शिका.

आठव्या आठवड्याच्या सुमारास जो पर फुलवून दुसऱ्याच्या अंगावर जाईल त्याला पहिल्या बरणीत ठेवा. रोज एक-दोन असे निघतात. बरण्यांमध्ये पुठ्ठे लावा, नाहीतर दिवसभर एकमेकांना बघून थकतात. पुठ्ठा दिवसातून पाच मिनिटं काढा, त्या व्यायामाने पर नीट उघडतात. एकत्र वाढलेल्या बहिणी बहुधा मोठ्या टाकीत नांदतात, पण एखादी भांडकुदळ निघते, तिलाही बरणी द्या.

११. पिल्लं देताना

तीन-साडेतीन महिन्यांची झाली की द्या, त्याआधी नको. आदल्या दिवशी खाणं बंद. एका पिशवीत एकच मासा, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. पाणी त्याच्याच बरणीतलं, त्यात बदामाच्या पानाचा अंगठ्याएवढा तुकडा. पिशवीवर दुसरी पिशवी उलटी घाला आणि वर्तमानपत्रात गुंडाळा म्हणजे तो शांत राहतो. सोबत एक चिठ्ठी द्या. तिच्यावर जन्मतारीख, काय खातो, किती अंशांच्या पाण्यात वाढला, आणि नेणाऱ्याला पुढे पैदास करायची असेल तर त्याची भावंडं कोणाकोणाकडे गेली आहेत तेही लिहा.